परिषदेहून शिक्षक काय आणतो?

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



रौप्यमहोत्सवाच्या ह्या सभेत शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत अशी चिटणीससाहेबांनी मला आज्ञा केली आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. शिक्षणाचे महत्त्व ह्या विषयावर आपण आजवर पुष्कळ भाषणे ऐकली असतील. ज्यांनी पदरमोड करून पंचवीस वर्षे मुलांच्या शिष्यवृत्त्या चालविल्या, त्यांना ते महत्त्व मी पटवून द्यावे असे काही उरलेले नाही. म्हणून मी एक लहान आणि व्यवहारातला विषय घेतला आहे.

विज्ञान शिक्षकांना परिषदांस पाठविण्यासाठी ट्रस्टने दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवावी, अशी सूचना मध्यंतरी आली होती. त्यावर एका वडीलधाऱ्या सभासदांनी सरळ प्रश्न केला, "मुलांच्या फीला पैसा पुरत नाही, मग शिक्षकांच्या प्रवासाला कशाला? परिषदेहून शिक्षक आणतो काय? एक कापडी पिशवी आणि एक प्रमाणपत्र!" मंडळी हसली, मला मात्र तो प्रश्न रास्त वाटला. धर्मादाय पैशातील प्रत्येक रुपया कोणाच्या तरी कष्टाचा असतो. आपल्या निपाणीकडे तो तंबाखूच्या वखारीत किंवा विड्यांच्या सुपावर मिळविलेला असतो. असा पैसा मागणाऱ्याने हिशेब दिला पाहिजे. तो हिशेब देण्याचा आज मी प्रयत्न करणार आहे.

प्रथम, विज्ञान शिक्षकाला परिषदेची गरजच काय, हे पाहू. वकील कोर्टात रोज दुसऱ्या वकिलाचा युक्तिवाद ऐकतो. गवंड्याचे काम दुसरा गवंडी रस्त्याने जाता जाता पाहतो आणि भिंत ओळंब्यात आहे की नाही हे बोलून दाखवितो. शिक्षकाचा पेशा मात्र असा आहे की वर्गाचे दार लोटले की त्याचे काम पाहणारा दुसरा जाणकार तेथे नसतो. समोर चाळीस-पन्नास मुले असतात, पण गुरुजींनी सांगितले ते चांगले की वाईट हे ती कोणत्या आधारावर ठरविणार? आपल्या खेड्यापाड्यांतील बहुतेक हायस्कुलांत विज्ञानाचा शिक्षक एकटाच असतो. त्याच्या वर्गातील मुले एखाद्या ठिकाणी वर्षानुवर्षे अडतात, तो आपल्यापरीने वाट काढतो, आणि निवृत्त होताना ती वाट आपल्याबरोबर घेऊन जातो. पुढचा शिक्षक पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. ही केवढी उधळपट्टी आहे, ह्याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

ही अडचण केवळ आपलीच नव्हे. इंग्लंडातील मोठ्या नामांकित शाळांच्या विज्ञान शिक्षकांनाही ती जाणवली आणि त्यांनी १९०१ साली लंडनमध्ये एकत्र येऊन आपला संघ स्थापन केला. विज्ञान शिक्षिकांचा निराळा संघ होता. १९६३ साली हे दोन्ही प्रवाह मिळून तेथील विज्ञान शिक्षण संघ झाला आणि त्याची वार्षिक परिषद ही तिकडच्या शिक्षकांची जणू जत्राच होऊन गेली.

आपल्या देशात मुदलियार आयोगाने १९५२-५३ साली सामान्य विज्ञान हा विषय सर्व मुलांना शिकवावा अशी शिफारस केली. त्यापाठोपाठ १९५६ साली सिमल्याजवळ तारादेवी येथे माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षणावर अखिल भारतीय परिसंवाद भरला. विज्ञान शिक्षकांची देशव्यापी संघटना उभी राहिली ती त्याच सुमारास. आणि त्याच १९५६ सालच्या १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला. ह्या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु सरहद्दीवरच्या विज्ञान शिक्षकाच्या वाट्याला त्या दोन्ही आल्या. विज्ञान सर्वांना शिकवायचे हेही त्याच्यावर आले, आणि ते एकाहून अधिक भाषांच्या मध्ये उभे राहून शिकवायचे हेही आले. ह्याविषयी मी पुढे बोलणार आहे.

अशा संघटनांतून प्रत्यक्ष काय निपजते, ह्याचे एक उदाहरण देतो. विज्ञान शिक्षकांच्या ह्या अखिल भारतीय संघातील भौतिकी विषयाच्या अभ्यासगटाने प्रयोगांतून भौतिकी शिकविण्याची एक पद्धत बसविली होती. तिचा उपयोग पुढे मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात झाला. किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या दोन संस्थांनी १९७२ साली तेथील सोळा मिडल स्कुलांत विज्ञान शिकविण्याचा नवा उपक्रम सुरू केला. मुले स्वतः प्रयोग करीत, निरीक्षणे लिहीत आणि निष्कर्ष काढीत. १९७८ साली तो साऱ्या जिल्ह्यात गेला आणि १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य ह्या संस्थेने पुढे तो सांभाळला. मोठमोठ्या संस्थांतील शास्त्रज्ञ तेथे येत असत हे खरे, परंतु त्या उपक्रमाचा कणा म्हणजे शिक्षकांची मासिक बैठक. महिन्यातून एकदा आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक एकत्र जमत, कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता अवघड प्रश्न विचारला, हे एकमेकांस सांगत. मुलांची प्रश्नांची पत्रे "सवालीराम" ह्या नावाने येत आणि त्यांना उत्तरे जात. २००२ साली शासनाने तो उपक्रम बंद केला. पण तीस वर्षे तो खेड्यातील साध्या शाळांतून चालला, ही गोष्ट पुसली जात नाही.

दुसरे उदाहरण आपल्या मराठी मुलखातले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. तेथील मंडळींनी जळगाव जिल्ह्यात खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांतून काम केले. ह्या कामात अग्रणी असलेले प्रा. वि. ग. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. खेड्यातले मूल विज्ञानात मागे पडते, त्याचे खापर नेहमी त्याच्या बुद्धीवर फोडले जाते. पण पुष्कळदा अडचण असते ती पुस्तकाच्या भाषेची. तोच धडा सोप्या, मुलांच्या ओळखीच्या भाषेत लिहून दिला असता मुले बोलू लागतात, प्रश्न विचारतात आणि त्यांना तो अधिक समजतो. मराठीच बोलणाऱ्या मुलांची ही कथा. मग ज्या मुलाच्या कानांवर तीन-चार भाषा पडतात त्याचे काय?

पुढे १९८४ साली प्रा. खंडेलवाल ह्यांच्या पुढाकाराने भौतिकीच्या शिक्षकांचा भारतीय संघ निघाला. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून कार्य करीत आहे आणि तिची वार्षिक अधिवेशने भरतात. डिसेंबर २००४ मध्ये होमी भाभा केंद्राने विज्ञान-गणित शिक्षणावरील संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद गोव्यात दोना पावल येथे भरविली. म्हणजे हा घाट उतरला की झाले, इतक्या जवळ. पण आपल्या भागातून अशा ठिकाणी जाणारे शिक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कर्नाटकातील प्रशिक्षणे बहुधा कन्नडमधून होतात, तेथे मराठी आणि उर्दू शाळांचा शिक्षक मागच्या बाकावर बसतो. महाराष्ट्रातील परिषदांची पत्रके महाराष्ट्रातील शाळांना जातात. अशा रीतीने दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाकडे येतो. मध्यंतरी मुंबईस विज्ञान शिक्षकांची तीन दिवसांची एक परिषद भरली असता तिला जाण्याचा मला योग आला. निपाणीहून एस.टी.ने कोल्हापूर आणि तेथून रात्रीची महालक्ष्मी, असा हा साधा प्रवास. प्रवासाचे वर्णन करून मी आपला वेळ घेत नाही. मी काय घेऊन गेलो होतो एवढेच सांगतो. मी एक मोठा पुठ्ठा घेऊन गेलो होतो आणि त्यावर तीन शब्द लिहिलेले होते. अणू, शक्ती आणि क्षार.

ह्या तीन शब्दांची हकीकत अशी. आमच्या भागातील मुलाच्या घरी दख्खनी, मराठी किंवा कन्नड बोलतात. शाळा मराठी, कन्नड वा उर्दू. बाजार आणि कचेरी ह्यांची भाषा वेगळी, आणि दहावीनंतर कॉलेजात इंग्रजी. शिकवणीचे गुरुजी एका भाषेतले, शेजारचा दोस्त दुसऱ्या शाळेतला. अभ्यास करताना मुले एकमेकांची पुस्तके पाहतात, आणि तेथे गंमत होते.

मराठी पुस्तकात अणू म्हणजे मूलद्रव्याचा सूक्ष्म कण, आणि अणू एकत्र येऊन होतो तो रेणू. कन्नड पुस्तकात पहिल्याला परमाणु म्हणतात आणि दुसऱ्याला अणु. म्हणजे जो मराठीत अणू तो कन्नडमध्ये अणु नव्हे! कन्नड शाळेतला मुलगा "पाण्याचा अणु" म्हणतो ते बरोबर असते; मराठी शाळेतल्या मुलाने तेच म्हटले तर ते चूक. त्यात भर म्हणजे कन्नड वर्तमानपत्रे अणुबाँब हाच शब्द वापरतात आणि कारवारकडच्या कैगा केंद्रालाही अणु हाच शब्द लावतात. तेथे त्याचा अर्थ मराठीसारखा. तेव्हा कन्नड शाळेतल्या मुलाचाही गोंधळ होतो.

दुसरा शब्द शक्ती. मराठीत काम करण्याची क्षमता ती ऊर्जा, आणि ते काम किती वेगाने होते ते मोजणारी राशी म्हणजे शक्ती. कन्नडमध्ये आपल्या ऊर्जेला शक्ति म्हणतात आणि आपल्या शक्तीला सामर्थ्य. आणखी एक मौज पाहा. भौतिकीतल्या कामाला कन्नड पुस्तक सरळ "केलस" म्हणते. बाजारातला हमालही केलस म्हणतो तोच शब्द. आमचे मराठी पुस्तक "कार्य" म्हणते, आणि आमच्या मुलाच्या डोळ्यांपुढे एकदम लग्नकार्य उभे राहते.

तिसरा शब्द क्षार. मराठीत आम्ल आणि आम्लारी ह्यांच्या संयोगाने होतो तो क्षार. मीठ हा क्षारच. कन्नडमध्ये त्याला लवण म्हणतात, आणि क्षार हा शब्द तेथे आम्लाच्या विरुद्ध गुणाच्या, पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थासाठी येतो. प्रयोगशाळेतल्या बाटलीवर कोणी "क्षार" अशी चिठ्ठी लावली तर तिच्यात मीठ आहे की कॉस्टिक सोडा, हे चिठ्ठी लावणाऱ्याची शाळा कोणती ह्यावर ठरायचे. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. कॉस्टिक सोड्याने हात भाजतो.

हा पुठ्ठा मी भिंतीवर टांगला तेव्हा मनात अशी धास्ती होती की, सरहद्दीवरचा माणूस म्हटल्यावर लोक ह्यात मराठी-कानडी वादच पाहतील. घडले ते निराळेच. गुजरातेतील एका शिक्षकाने पाहून सांगितले, "आमच्याकडेही अणु म्हणजे तुमचा रेणू." मध्य प्रदेशातील बाईंनी सांगितले, हिंदीतही तसेच. बंगालचे गृहस्थ म्हणाले, बंगालीतही तसेच. अणूच्या बाबतीत आमच्या त्या घोळक्यात मराठी एकटी पडली! मग आम्ही तेथेच पेन्सिलीने रकाने पाडले. क्षार ह्या शब्दाला गुजराती मराठीच्या बाजूस आली आणि हिंदी कन्नडच्या बाजूस गेली. शक्ती ह्या शब्दाला हिंदी मराठीकडे आली आणि बंगाली कन्नडकडे गेली. दर शब्दाला पक्ष बदलत होते. कोणती भाषा बरोबर आणि कोणती चूक, हा प्रश्नच उरला नाही. प्रत्येक भाषेने आपापल्या घरात सुसंगत व्यवस्था लावली आहे. अडचण होते ती दोन घरांच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाची, आणि आपली सारी मुले उंबरठ्यावरचीच आहेत.

माझ्याकडे उर्दू शब्दही होते, तेही लिहिले. जुन्या उर्दू पुस्तकांत अणूला जौहर म्हणतात आणि रेणूला सालमा. सालिम म्हणजे अखंड. पाण्याचे पाणीपण जोवर अखंड असते तोवरचा कण तो सालमा. उस्मानिया विद्यापीठाच्या वर्गांसाठी हैदराबादेत १९१७ साली जे भाषांतरखाते निघाले, त्याने असे शास्त्रीय शब्द शेकड्यांनी घडविले. इकडे मराठीत कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकविणारे बाळाजी प्रभाकर मोडक ह्यांनी त्याच्याही पूर्वी, एकोणिसाव्या शतकात, रसायन व पदार्थविज्ञानावर ग्रंथ लिहिले. आपण ज्यांच्या वारशावर बसलो आहोत ती माणसे इतकी जवळची आहेत, हे बाहेरगावी गेल्यावर माझ्या ध्यानी आले.

परंतु परिषदेतून मला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट ह्याहून वेगळी आहे. मुंबईचे एक वयस्क शिक्षक बराच वेळ पुठ्ठ्यापुढे उभे होते. त्यांनी मला एवढेच विचारले, "मुलगा चुकतो तो शब्दामुळे, की त्याच्या मनात चित्रच नाही म्हणून? हे तुम्ही कसे ओळखाल?" आणि उपायही सांगितला: शब्द अजिबात न वापरता त्याला चित्र काढायला सांगा.

परत आल्यावर मी नववीच्या वर्गात तसे केले. "भांड्यात पाणी आहे. ते उकळून त्याची वाफ झाली. पाण्याचे अगदी बारीक कण डोळ्यांना दिसते तर उकळण्यापूर्वी कसे दिसले असते आणि नंतर कसे, ते काढा." एकही शास्त्रीय शब्द वापरायचा नाही. चित्रे गोळा करून पाहिली तेव्हा दोन प्रकारची मुले निराळी निघाली. काहींचा शब्द चुकत होता पण चित्र बरोबर होते. कण तेच, फक्त एकमेकांपासून दूर गेलेले. काहींना अणू-रेणूच्या व्याख्या तोंडपाठ होत्या, पण चित्रात वाफेचे कण फुगून मोठे झालेले होते, किंवा फुटून हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे झालेले होते. आता पाहा, आपल्या परीक्षेत गुण कोणाला मिळतात? दुसऱ्यांना. ज्याचे चित्र बरोबर आहे तो केवळ दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभा आहे म्हणून मागे राहतो, आणि स्वतःला मठ्ठ समजू लागतो. माझ्या मते हे नुकसान फी न भरता आल्याने होणाऱ्या नुकसानाहून कमी नाही. फी न भरलेला मुलगा आपल्याला दिसतो. हा मुलगा दिसत नाही.

मग आम्ही हरभरे आणि चिंचोके आणले. एका चिंचोक्याला ओल्या मातीने दोन हरभरे चिकटवायचे. हा पाण्याचा एक कण. असे पुष्कळ कण करून ताटात दाटीने मांडले, म्हणजे पाणी. ताट हलवून ते दूर दूर पांगविले, म्हणजे वाफ. हरभरा चिंचोक्यापासून सुटला का? नाही. मग तो सुटतो कशाने? त्यासाठी दुसरा प्रयोग, पाण्यातून वीज सोडण्याचा. दोन शिसपेन्सिली दोन्ही टोकांना तासायच्या, नऊ व्होल्टची लहान बॅटरी जोडायची आणि शिशाची टोके पाण्यात बुडवून त्यांवर पाण्याने भरलेल्या परीक्षानळ्या पालथ्या घालायच्या. पाण्यातून वीज नीट वाहावी म्हणून पुष्कळ ठिकाणी त्यात मीठ टाकतात. परिषदेत चहाच्या वेळी एका शिक्षिकेने मला बजावले होते, "मीठ नको, त्यातून क्लोरीन निघतो, तो विषारी, धुण्याचा सोडा घ्या." तसे केले. एका नळीत दुसरीच्या साधारण दुप्पट वायू जमला. दोन हरभरे आणि एक चिंचोका! मुलांनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिले आणि मगच आम्ही फळ्यावर शब्द लिहिले, चार रकान्यांत: मराठी, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी. कन्नडचा रकाना शेजारच्या कन्नड शाळेतील विज्ञान शिक्षकांनी तपासून दिला आणि तसाच तक्ता आपल्या वर्गात लावला. दोन शाळांच्या मध्ये एक भिंत आहे. त्यापूर्वी आम्ही एकमेकांना फक्त नमस्कार करीत होतो.

माझ्या वडीलधाऱ्या सभासदांना मी नम्रपणे सांगतो की, परिषदेहून मी आणले ते एवढेच. चित्र काढून घेण्याची एक युक्ती, मिठाऐवजी सोडा आणि चार रकान्यांचा एक तक्ता. पिशवीही मिळाली, तिचा उपयोग घरी भाजी आणायला होतो.

ह्याचा अर्थ परिषदांत सारे उत्तमच असते असे नाही. दीपप्रज्वलन, हारतुरे आणि प्रास्ताविके ह्यांत पहिली सकाळ खर्ची पडते. पुष्कळ निबंध अशा इंग्रजीत वाचले जातात की वाचणाराही मध्येच थांबून श्वास घेतो. काही मंडळी प्रमाणपत्रापुरती येतात आणि दुपारनंतर शहर पाहायला निघून जातात. काही शाळांतून दरवर्षी एकच गृहस्थ जातात आणि परत येऊन कोणाला काही सांगत नाहीत. हे दोष आहेत. परंतु ते नाहीसे करण्याचा उपाय घरी बसणे हा नव्हे. कोणाला पाठवायचे आणि परत आल्यावर त्याच्याकडून काय घ्यायचे, हे आपण ठरविणे हा आहे.

आणखी एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. माझ्या परिचयाच्या एक भगिनी दुसऱ्या एका शाळेत विज्ञान शिकवितात. बुरशीवरचे त्यांचे टिपण मी वाचले आहे. ओल्या भाकरीचे तुकडे निरनिराळ्या जागी ठेवून मुलींकडून त्यांनी आठवडाभर नोंदी करविल्या होत्या. त्यांना परिषदेचे बोलावणे आले. शाळेने अर्जावर बिनपगारी रजेचा शेरा मारला, आणि परगावी उतरायचे कोठे ह्या प्रश्नावर घरच्यांनी नको म्हटले. टिपण कपाटातच राहिले. त्यात घरच्यांचा दोष मी मानीत नाही. काळजी ही काळजीच असते. पण ती दूर करणे आपल्या हाती आहे. आज आपल्या समाजातील मुली विज्ञान शाखेकडे वळत आहेत, आणि आपल्यासारखीच एक बाई परिषदेत उभी राहून बोलते हे त्यांनी पाहिले, तर त्याचा परिणाम दहा भाषणांनी होणार नाही इतका होईल.

यास्तव ट्रस्टपुढे मी तीन सूचना ठेवतो.

पहिली: दरवर्षी दोन विज्ञान शिक्षकांचा परिषदेचा प्रवास व मुक्कामखर्च ट्रस्टने द्यावा, आणि ज्यांची रजा बिनपगारी होईल त्यांचा तेवढा पगार भरून काढावा. शाळा मराठी असो, कन्नड असो वा उर्दू असो. शिक्षक कोणत्याही समाजाचा असो. जेथे आपली मुले शिकतात ती शाळा आपली. शिक्षिका जाणार असतील तर दोघींना मिळून पाठवावे आणि त्यांच्या उतरण्याची व्यवस्था आधी पत्राने पक्की करावी.

दुसरी: ज्याने जायचे त्याने काहीतरी घेऊन जायचे. आपल्या वर्गात मुले कोठे अडतात, त्याचे एक पानी टिपण त्याने आधी ट्रस्टकडे द्यावे. ज्याच्याजवळ प्रश्न नाही त्याला परिषदेत उत्तर सापडत नाही. आणि सरहद्दीवरच्या शिक्षकाने रिकाम्या हाताने जाण्याचे कारण नाही. चार भाषांच्या मध्ये मुले कशी शिकतात हे मुंबईतल्या किंवा बेंगळूरमधल्या तज्ज्ञाला आपल्याइतके जवळून पाहायला मिळत नाही. आजवर आपण ही आपली अडचण समजत आलो. परिषदेत गेल्यावर कळते की, ती आपल्याजवळची माहिती आहे, आणि तिची दुसऱ्यांना गरज आहे.

तिसरी: परत आलेल्या शिक्षकाने महिन्याच्या आत ह्याच हॉलमध्ये परिसरातील शिक्षकांपुढे आपला वृत्तान्त सांगावा आणि त्यातील निदान एक प्रयोग करून दाखवावा. त्याला जोडूनच दर महिन्याच्या एका रविवारी विज्ञान शिक्षकांची बैठक येथे भरावी. होशंगाबादला हे खेड्यांतून घडले. आपल्याकडे तर हॉल आहे, दिवे आहेत, चहा करणारी मंडळी आहेत. त्याला खर्च असा काही नाही. जे परिषदेला जाऊ शकणार नाहीत, त्यांच्यासाठी परिषद येथे येईल.

ट्रस्टची पहिली पंचवीस वर्षे मुलांना शाळेच्या दारापर्यंत नेण्यात गेली. ते काम संपलेले नाही आणि संपू नये. परंतु दारातून आत गेल्यावर मुलाला जे मिळते, ते त्याच्या शिक्षकाच्या ओंजळीत असेल तेवढेच मिळते. ती ओंजळ भरण्याची तजवीज पुढच्या पंचवीस वर्षांत व्हावी.

माझ्या तिसऱ्या सूचनेला विश्वस्त मंडळाच्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये म्हणून हॉलची चावी मी चिटणीससाहेबांकडे आधीच मागून ठेवली आहे आणि त्यांनी ती देण्याचे कबूल केले आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता पहिली बैठक होईल. विषय "क्षार" हा ठेवला आहे. कन्नड शाळेतील माझे मित्र लवणाविषयी बोलतील, मी क्षाराविषयी बोलेन, आणि आम्ही दोघे एकाच बाटलीविषयी बोलत आहोत की दोन, हे उपस्थितांनी ठरवायचे आहे. पालकांनीही यावे. विशेषतः ज्यांनी तो प्रश्न विचारला त्या वडीलधाऱ्यांनी अगत्याने यावे, ही माझी विनंती आहे.